जुन्या जीपला पुढे डिस्क ब्रेक बसवताना

महिंद्राच्या सीजे३बी, सीजे३४०, एमएम५४० आणि त्यांच्या आसपासच्या जुन्या जीप अजूनही गावोगाव चालू आहेत. यातल्या बहुतेकांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. सपाट रस्त्यावर, पन्नासच्या आतल्या वेगात ते काम निभावून नेतात. पण वरंधा घाटासारखा लांब उतार उतरताना किंवा पावसाळ्यात ओढा ओलांडून आल्यावर पेडल दाबलं की काय होतं, हे जीपवाल्यांना वेगळं सांगायला नको. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून (ड्रमला आतून घासणाऱ्या, लायनर लावलेल्या कमानींपासून) लांब जातो, म्हणून पेडल खोल जातं. ड्रममध्ये पाणी शिरलं तर ते आतच अडकतं. एक बाजू लवकर वाळते, दुसरी ओलीच राहते आणि ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी उघडी असते, पाणी भिरकावून देते, उष्णता हवेत सोडते. म्हणून पुढच्या दोन चाकांना डिस्क लावणं हा या जीपसाठी मनापासून सुचवावासा बदल आहे.

पण एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्या. डिस्क आणि कॅलिपर (डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा भाग) चाकावर बसवणं हा या कामाचा सोपा भाग आहे. अवघड भाग पेडलपाशी आहे: मास्टर सिलिंडर (पायाच्या जोरानं ब्रेक ऑइलवर दाब आणणारा), बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा), पाइप आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल. किट आणून चाकापुरतं काम उरकणाऱ्यांची जीप आधीपेक्षाही वाईट थांबते, आणि दोष मात्र डिस्कला दिला जातो.

खर्चाआधी दोन गोष्टी

पहिली, आहेत ते ड्रम खरंच नीट आहेत का ते पाहा. शू सेट न केलेले, व्हील सिलिंडर पाझरणारे, ऑइल सीलमधून ग्रीस लायनरवर आलेलं, ड्रम लंबगोल झालेला, अशा अवस्थेत कुठलाही ड्रम थांबणार नाही. मागचे ड्रम तुम्ही तसेच ठेवणार आहात, त्यामुळे त्यांची दुरुस्ती या कामातच धरा. गाडी फक्त शेतावर आणि गावात फिरत असेल तर कदाचित एवढ्यावरच काम भागेल.

दुसरी, कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल आहे आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते काटेकोरपणे लावलं आहे. ही वाहनं पंधरा वर्षांपलीकडची, म्हणजे नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी गाडीची तपासणी होणारच. काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओत लेखी विचारा, विमा कंपनीला कळवा, आणि काढलेले सगळे मूळ भाग तेल लावून जपून ठेवा.

किट कसं निवडायचं

या जीपच्या पुढच्या एक्सलला बंद गोलाकार नकल (चाक वळवणारा सांधा) असते. तिच्या तोंडावर सहा बोल्टांनी स्टब एक्सल (ज्यावर चाकाचा हब फिरतो तो आखूड दांडा) बसतो आणि त्याच सहा बोल्टांत ड्रमची मागची प्लेट अडकवलेली असते. डिस्क किटची सगळी कल्पना याच जागेवर उभी आहे: मागची प्लेट काढायची, तिच्या जागी कॅलिपर धरणारं ब्रॅकेट बसवायचं, आणि हबवर ड्रमऐवजी डिस्क लावायची. किट बनवणारे बऱ्याचदा बोलेरो किंवा जुन्या थारचे डिस्क-कॅलिपर वापरतात. हे सोयीचं आहे, कारण पॅड आणि सील किट तालुक्याच्या दुकानातही मिळतात. परदेशी किंवा अनोळखी कॅलिपर कितीही चांगला दिसला तरी घेऊ नका. दोन वर्षांनी पॅड शोधत फिराल.

ब्रॅकेट हातात घेऊन नीट पाहा. तुमचा जीव त्यावर टांगलेला असणार आहे. पोलाद किमान १० ते १२ मिमी जाड, एकाच प्लेटमधून कापलेलं हवं. दोन पातळ पट्ट्या वेल्ड करून जाडी आणलेलं ब्रॅकेट सरळ परत करा. मधलं भोक स्टबच्या खांद्यावर घट्ट बसलं पाहिजे. ढिलं असेल तर कॅलिपर डिस्कच्या मध्यावर येणार नाही. बोल्टच्या डोक्यावर मजबुतीचा आकडा १०.९ किंवा निदान ८.८ कोरलेला असला पाहिजे. पंजाब-हरयाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणाहून जीपचं बरंच सामान येतं, पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याला फिरलात तर पर्याय दिसतात. ब्रॅकेट स्वतः बनवून घ्यायचं असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या भागातला चांगला टर्नर गाठा आणि त्याला नुसतं माप न देता स्टब, हब, डिस्क आणि कॅलिपर चारही वस्तू समोर ठेवा.

चाकाचा रिमही बरोबर न्या. जुन्या १६ इंची रिममध्ये जागा असते, पण रुंद टायरसाठी १५ इंची रिम लावले असतील तर कॅलिपर आतून घासू शकतो. कॅलिपर आणि रिम यांच्यात चारही बाजूंनी निदान ३-४ मिमी मोकळी जागा हवी. ती नसेल तर कॅलिपर घासून कमी करण्याचा विचारही करू नका.

गाडी उचलणं आणि खोलणं

या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. त्याचे दोन अर्थ. एक, मागचे ड्रम बदलले किंवा खोलले तरी हँडब्रेकला धक्का लागत नाही, ही चांगली बाजू. दोन, मागचं एकच चाक जॅकवर उचललं तर डिफरन्शिअलमुळे हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. म्हणून जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडके लावा, पुढचा एक्सल मजबूत घोड्यांवर (स्टँडवर) टेकवा आणि जॅकच्या भरवशावर कधीही गाडीखाली जाऊ नका.

चाकाचे नट सोडण्याआधी स्टडच्या टोकाकडे बघा. या गाड्यांमध्ये डाव्या बाजूच्या चाकांना बऱ्याचदा उलटे आटे असतात. सवयीनं डावीकडे फिरवत राहिलात तर नट आणखी आवळत जातो आणि स्टड तुटतो.

ड्रम निघाला की आतली धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. पाण्यानं भिजवून, पुसून, पिशवीत बांधून टाका. तोंडाला चांगला मास्क लावा.

आता हब. टोकाची टोपी काढा, सर्क्लिप असेल तर ती काढा, मग ड्राइव्ह फ्लॅंजचे सहा बोल्ट. फ्लॅंज जागची हलत नाही, पण तिच्यात दोन आटेवाली भोकं दिली असतात. त्यांत बोल्ट घालून दोन्ही आलटून पालटून थोडे थोडे आवळले की ती स्वतःच बाहेर येते. आत दोन मोठे नट आणि त्यांच्यामध्ये पाकळीची लॉक वॉशर असते. पाकळी सरळ करा आणि योग्य मापाचा मोठा बॉक्स पानाच वापरा. अनेक गॅरेजमध्ये हे नट छिन्नी-हातोडीनं काढतात, त्यामुळे नटाच्या कडा गोल होतात आणि पुढे बेअरिंगची घट्टी कधीच नीट लागत नाही. तुमच्या गाडीचे नट असे खाल्लेले दिसले तर नवे घ्या.

स्टबचे सहा बोल्ट सुटले तरी स्टब गंजानं चिकटलेला असतो. त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून बाजूबाजूनं हलके ठोके द्या. थेट हातोडा मारला तर आट्यांचं तोंड चेपतं. तो सुटताना नकलमधून काळपट ग्रीस आणि गिअर ऑइलचं मिश्रण खाली ओघळेल, खाली पसरट भांडं ठेवा. इथवर पोहोचलाच आहात तर किंगपिनची (नकल ज्यावर वळते त्या खिळीची) बेअरिंग, नकलचं फेल्ट सील आणि एक्सलचं ऑइल सील बदलून घ्या. नव्या डिस्कवर जुन्या सीलमधून ग्रीस आलं तर पॅड फुकट गेले म्हणून समजा.

हब आणि डिस्क

जुन्या हबमध्ये ड्रम आणि हब हे स्टडनंच एकमेकांत जखडलेले असतात. स्टडचा दांडा ड्रमच्या बाजूला दाबून फुगवलेला असतो. तो तसाच प्रेसवर ढकलला तर हबचं भोक मोठं होतं आणि नवा स्टड त्यात फिरत राहतो. आधी टर्नरकडून तो फुगवटा कापून घ्या, मगच स्टड दाबून काढा. नवे स्टड डिस्कच्या जाडीनुसार लांबीचे असावेत. डाव्या चाकाला उजव्या आट्यांचे स्टड टाकले तर नटही तसेच लावा आणि स्टेपनीजवळ रंगानं लिहून ठेवा, कारण मागचं डावं चाक अजून उलट्या आट्यांचंच असेल.

बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन, वाळवून, नखानं रोलरवर खड्डे लागतात का बघा. खड्डा लागला तर आतली कोन आणि बाहेरची कप दोन्ही बदला. ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहा, दुसऱ्या बाजूनं रोलरांच्या मधून ग्रीसच्या बारीक शेवया बाहेर आल्या की त्या भागात ते भरलं. बेअरिंग फिरवत सगळीकडून तसं करा. बाहेरून चोपडलेलं ग्रीस उपयोगाचं नाही.

हब स्टबवर चढवल्यावर आतला नट हब फिरवत फिरवत आवळा, तो जड झाला की थोडा सैल करा: हब बोटानं फिरला पाहिजे, पण वर-खाली धरून हलवलं तर खडखड नको. लॉक वॉशर, बाहेरचा नट, मग पुन्हा तपासणी, कारण बाहेरचा नट आवळताना आतली घट्टी बदलते. ड्रमला थोडी ढिलाई चालून जाते. डिस्कला नाही. बेअरिंग ढिलं असलं की डिस्क डुलते, पॅड मागे ढकलते आणि पुढच्या वेळी पेडल खोल जातं.

डिस्क बसली की डायल गेज (बारीक डुलणं मोजणारं घड्याळी माप) लावून एक फेरा द्या. कडेचं डुलणं ०.१ मिमीच्या आत हवं. जास्त असेल तर हब आणि डिस्कच्या मध्ये गंजाची पापडी किंवा लेथचा बूर अडकला आहे का पाहा, बहुतेक वेळा तेच निघतं.

कॅलिपर

ब्रॅकेट आणि स्टब सहा बोल्टांनी क्रॉस पद्धतीनं आवळा, आट्यांवर लॉकिंग द्रव लावा. कॅलिपर डिस्कच्या मध्यावर येतो का ते दोन्ही बाजूंनी मोजा. सरकत्या पिनांना ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा, साधं पिवळं ग्रीस रबर फुगवतं आणि पिन अडकते.

एअर (ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली हवा) काढायची निपल कॅलिपरच्या सर्वात वर आली पाहिजे. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर निपल खाली येते, हवेचा बुडबुडा वर अडकून बसतो आणि लिटरभर ऑइल वाया घालवूनही पेडल स्पंजच राहतं. नवख्यांची सर्वात जास्त दमछाक इथेच होते.

रबरी होज लावल्यावर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि चाक लटकू देऊन पुन्हा फिरवा. होज कुठेही ताणला, पिळला किंवा टायरला घासला जाता कामा नये. ऑफ-रोडला पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) पूर्ण उघडतात तेव्हा आखूड होज तुटतो.

पेडलपासून चाकापर्यंतचा दाब

ड्रममध्ये पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर आत ओढला जातो आणि स्वतःहून जास्त चिकटतो. त्यामुळे थोड्या दाबात काम होतं. डिस्कला अशी मदत नाही, पॅड जितका दाबाल तितकाच पकडेल. हिशोब बघा. पायानं ३० किलो जोर दिला आणि पेडलचं गुणोत्तर ६ धरलं तर मास्टरच्या दट्ट्यावर १८० किलो येतात. जुना मास्टर १ इंच व्यासाचा धरला तर त्याचं क्षेत्रफळ साधारण ५ चौरस सेंमी, म्हणजे दाब चौरस सेंमीला सुमारे ३६ किलो. डिस्कला जोरात थांबण्यासाठी याच्या जवळपास दुप्पट लागतो. मास्टर ७/८ इंचाचा केला तर त्याच पायाला सुमारे ४६ मिळतात, पण पेडल तेवढंच जास्त खोल जातं. उरलेला फरक बूस्टरनं भरून काढायचा. बूस्टर टाळून काम भागवायला सांगणारे पुष्कळ भेटतील. हलक्या गाडीला, जुन्या अरुंद टायरवर ते एक वेळ चालेल. मोठे टायर असतील तर नाही.

बूस्टरला निर्वात लागतो. पेट्रोलच्या २.२ लिटर हरिकेन इंजिनाला तो मॅनिफोल्डमधून मिळतो, मध्ये एकदिशा झडप घालायची. डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये तसा निर्वात तयारच होत नाही, तिथे व्हॅक्यूम पंप हवा. मागच्या बाजूला पंप जोडलेला अल्टरनेटर मिळतो, तो सर्वात सोपा मार्ग. त्याला इंजिनातून ऑइल जातं-येतं, त्या दोन्ही होजचे क्लिप पक्के लावा.

मूळ मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चॅसिसला असतो आणि सगळी चाकं एकाच सर्किटवर. एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. या कामात दोन कप्प्यांचा टँडम मास्टर बसवा, एवढ्या एका कारणासाठीही हा बदल करण्यासारखा आहे. मोठा कप्पा पुढच्या डिस्कला, कारण पॅड झिजतात तसं कॅलिपरमध्ये ऑइल जास्त उतरतं.

मास्टर कुठे बसवायचा? माझं मत स्पष्ट आहे: लटकतं पेडल आणि बूस्टर घेऊन फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर). पायाखाली ठेवला तर तो कॅलिपरपेक्षा खाली येतो, ऑइल मागे उतरतं आणि पहिल्यांदा पेडल रिकामं जातं, ते टाळायला पुढच्या लाइनमध्ये २ पीएसआयची (चौरस इंचाला पौंड) शेष-दाब झडप, म्हणजे पाय उचलल्यावरही लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारी झडप, लागते. शिवाय चिखल-पाण्यात तो बुडतो. मात्र जीपचा फायरवॉल पातळ पत्र्याचा आहे. मागून ४ मिमीची प्लेट लावून तिचे पाय बाजूच्या मजबूत भागाला बांधा. नाहीतर पेडल दाबताना पत्राच वाकतो आणि तुम्ही नसलेली हवा शोधत बसता.

ड्रमसाठी बनलेल्या मास्टरमध्ये आतच शेष-दाब झडप असते, साधारण १० पीएसआय धरून ठेवणारी. मागच्या ड्रमला ती हवी. पुढच्या डिस्कला ती राहिली तर पॅड सुटतच नाहीत, डिस्क तापते आणि गाडी जड चालते. डिस्क-ड्रम गाडीचाच मास्टर घेतला तर हा प्रश्न उरत नाही.

आता समतोल. सीजे३बीचा व्हीलबेस फक्त ८० इंच आहे. ब्रेक लागला की वजन पुढे येतं, मागचा भाग हलका होतो आणि मागची चाकं आधी लॉक होऊन (फिरायची थांबून घसरत जाऊन) गाडी फिरते. म्हणून मागच्या लाइनमध्ये दाब कमी-जास्त करता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावा, हात पोहोचेल अशा जागी, पण चालवताना चुकून हात लागणार नाही असा.

पाइप ब्रेकसाठीचाच, ३/१६ इंची पोलादी किंवा क्युप्रोनिकेल. फ्रिजवाल्याकडचा तांब्याचा पाइप कधीही नको. टोकं दुहेरी फ्लेअर केलेली (दुहेरी घडी घालून पसरवलेली) हवीत आणि नटाचा प्रकार फ्लेअरशी जुळणारा.

एअर काढणं

आधी मागचे शू सेट करा, नाहीतर पेडल उंच येणारच नाही. ऑइल सीलबंद डब्यातलं, डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ४ जास्त तापमान सहन करतं. इंजिन ऑइल किंवा इतर खनिज तेलाचा थेंबही गेला तर सगळी रबरं फुगतात. ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

मास्टर आधी बाकावर धरून त्यातली हवा काढा, मग गाडीवर लावा. क्रम लांबच्या चाकापासून: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. एकानं पेडल हळू दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल उघडून बंद करायची, बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही. निपलची पारदर्शक नळी थोड्या ऑइलमध्ये बुडवलेली असावी. दर पाच-सहा दाबांनंतर टाकीतली पातळी बघा. शेवटी पूर्ण जोरानं पेडल मिनिटभर दाबून धरा. ते हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी पाझर आहे किंवा मास्टरचा वॉशर जातोय. मग इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, पाय ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय.

पहिली चाचणी

रस्त्यावर नाही, मोकळ्या मैदानात. आधी चालण्याच्या वेगात, मग २० ला, मग ४० ला. स्टिअरिंग हलकं धरा आणि गाडी कुठे ओढते ते बघा. ओढत असेल तर अडकलेली पिन, ग्रीस लागलेला पॅड किंवा एका बाजूला राहिलेली हवा, याच क्रमानं तपासा.

पॅड बसवायला ५० वरून १५ पर्यंत मध्यम ब्रेक मारून सुमारे दहा वेळा वेग कमी करा, मध्ये थंड होऊ द्या, आणि तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहू नका.

मग मुरुमाच्या मोकळ्या जागेवर, बाहेर कुणाला तरी सुरक्षित अंतरावर उभं करून, जोरात ब्रेक मारा. पुढची चाकं मागच्यापेक्षा किंचित आधी लॉक झाली पाहिजेत. मागची आधी लॉक होत असतील तर प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हनं मागचा दाब कमी करत जा. गाडीत नेहमी मागे जेवढं सामान असतं तेवढंच चाचणीच्या वेळीही ठेवा.

पहिल्या फेरीनंतर उतरून दोन्ही हबजवळ हात न्या, चटका बसेल इतकं जवळ नको. एक बाजू स्पष्टपणे जास्त गरम असेल तर तो कॅलिपर सुटत नाही. शंभर किलोमीटरनंतर ब्रॅकेटचे सहाही बोल्ट, चाकाचे नट आणि प्रत्येक जोड पुन्हा बघा. पावसाळ्यात ओढ्यातून किंवा चिखलातून आल्यावर हलका ब्रेक धरून थोडं अंतर चाला, आणि घरी आल्यावर पाण्याच्या पाइपनं कॅलिपरमधली रेती धुऊन काढा, कारण तीच पॅड आणि डिस्क खाते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, कोकणच्या दमट हवेत तर जास्तच, तेव्हा ते दर दोन वर्षांनी पूर्ण बदला.